पडद्यावरचं माझं हृदय

३ मार्च
दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या हृदयाची हुबेहूब प्रतिकृती बसवली. मनगटावरचा पट्टा ठोके कळवणार, त्याबरहुकूम ती धडधडणार आणि माझ्या गोळ्या किती, ते एआय ठरवणार. मी तिचं नाव ठेवलं प्रतिपुरुष. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पट्टा काढायचा नाही, रोज चाळीस मिनिटं चालायचं. संकल्प : पाचला उठणे.

४ मार्च
पाचला उठलो. बसलो. पुन्हा आडवा झालो. शरीराला एकदम धक्का नको.

९ मार्च
पट्टा म्हणतो, आज बारा पावलं. धादांत खोटं. स्वयंपाकघरापर्यंतच सोळा होतात.

११ मार्च
मार्ग सापडला. ही रोज पहाटे टेकडीवर फिरायला जाते. पट्टा तिच्या हातात बांधला. ही लबाडी आहे म्हणाली. मी म्हटलं, पत्नी अर्धांगिनी, तेव्हा निम्मी पावलं शास्त्रानेच माझी. यावर ती म्हणाली, तुमच्याशी कोण डोकं लावणार. पण बांधून गेली.

२ एप्रिल
प्रतिपुरुषाची प्रकृती उत्तम. माझ्या गोळ्या निम्म्या झाल्या. मलाही हलकं वाटतंय. जिन्यात धाप लागते, ती हवेची असावी.

२० एप्रिल
आज दवाखान्यात त्याला पडद्यावर पाहिलं. पट्टा घरी हिच्याच हातात. निळसर, संथ. गंमत म्हणून छातीवर हात ठेवून ठोके जुळवू लागलो. जुळेनात. बाई म्हणाल्या, छान आहे. मी आभार मानले. घरी आलो तरी तो ठोका कानात. माझा नसलेला. संकल्प : दवाखान्यात छातीला हात लावायचा नाही.

१४ मे
हल्ली ही फिरून आली की दाराशी पायरीवर बसते. म्हणते, जरा टेकते. मी म्हटलं, पावलं थांबली, घरात तरी दोन फेऱ्या घाल. उठली बिचारी.
तो ठोका आता जेवतानाही ऐकू येतो. समोरून.

२ जून, सकाळ
दवाखान्यातून फोन. तीन आठवडे प्रतिपुरुष चढावर ठोके चुकवतोय, असाल तसे या. मला हसू आलं. मी चढावर गेलोच कधी?
मग हसू थांबलं.

२ जून, दुपार
हिला घेऊन गेलो. बाईंना सगळं सांगितलं. रागावतील म्हणून मान खाली घातली होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी टेकणार तोच म्हणाल्या, "तुम्ही नाही. त्यांना बसवा."

३ जून, पहाटे पाच
तिला दवाखान्यात ठेवून घेतलंय. ती आत. मी बाहेर. नर्सने पट्टा माझ्या मनगटाला बांधलाय. तिच्या खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत आणि परत, फेऱ्यांवर फेऱ्या, दोन हजार अकरा पावलं. सगळी माझी.
संकल्प काही नाही.