सॅम्पलचा मसाला

अत्याबाई, तुमची धाकटी सून बोलते आहे. बोलतेच आहे, लिहीत नाही. अक्षरं मला तेव्हाही येत नव्हती आणि तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत ती शिकायला मी काही सवड काढली नाही. लिहिते आहे माझ्या लेकीची लेक. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात बसून ती दुसऱ्यांच्या कंपन्या नियमाने चालतात का ते तपासते, आणि घरी आली की ओला टॉवेल पलंगावर टाकते. (हे लिहायचं नाही म्हणते. लिही, म्हटलं.)

तर उद्या माझा मुलगा, तुमचा लाडका नातू, सॅम्पलचा मसाला न्यायला येणार आहे आणि मी अजून मिरच्यांची देठंसुद्धा काढलेली नाहीत. तुमच्या मसाल्याची त्याने आनेकलला फॅक्टरी काढली आहे. पुडक्यावर तुमचा फोटो आहे. जन्मात तुम्ही फोटोवाल्यापुढे हसला नव्हतात, पण यांनी कंप्युटरवर तुम्हाला हसवलंय. दातही दिलेत, शेवटी उरले होते त्याहून पुष्कळ जास्त. माल मोठ्या दुकानांना जातो. ती दुकानं मधूनमधून तपासणीला नमुना मागतात, की हा स्टीलचा डबा घेऊन हजर. "आई, दोन किलो तुझ्या हातचा दे." मी ब्याडगी मिरच्या, धणे, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजून दळून देते. नमुना कधी नापास झाला नाही. शेजारणीला मी ऐटीत सांगायची, कारखाना त्याचा, पण परीक्षा देते ही म्हातारी.

गेल्या आठवड्यात घरातला मसाला संपला म्हणून नातीने इंदिरानगरच्या दुकानातून आपलंच पुडकं आणलं. आमटी अशी लाल झाली की मी विचारलं, हे जेवायचं की रंगपंचमी खेळायची? सांडलेलं पुसलं तर फडकं तीनदा साबण लावूनही गुलाबीच. नात म्हणाली, "आजी, यात रंग घातलाय." मी तिथूनच मुलाला फोन लावायला सांगितला.

"आई, या धंद्यात सॅम्पल वेगळं आणि माल वेगळा असतो. सगळेच करतात."

"आणि पुडक्यावरची सासू? तीही सगळ्यांची असते का?"

"स्वल्प समजून घे ग. दुकानवाले जो भाव देतात त्यात ब्याडगी बसत नाही. ऑर्डर गेली तर पुडकी भरणाऱ्या बायकांना मला घरी बसवावं लागेल. त्यांना कोण सांगणार, तू?"

अत्याबाई, तो खोटं बोलत नव्हता. त्या बायका मी पाहिल्यात. एकीने त्या पगारावर मुलीला नर्सिंगला घातलंय.

मग तुमच्याबरोबरचा तो दिवस आठवला. माझ्या लग्नाला वर्ष झालेलं. दमट मिरच्या, त्यावर बुरशीचे पांढरे ठिपके, आणि मी आळसाने तशाच भाजून टाकलेल्या. तुम्हाला कळतं तोवर मसाला घरोघर पोचला आहे. तुम्ही ओरडत नाही. पदर खोचता, पिशवी माझ्या हातात देता आणि चालू लागता. प्रत्येक दारात एकच वाक्य: "काल दिलेला मसाला परत द्या, आमच्या घरी चूक झाली." सुनेकडून झाली म्हणत नाही, घरी म्हणता. एक बाई म्हणते, "अहो अक्का, छान होता की, संपलासुद्धा!" तुम्ही म्हणता, "मग आज ताक प्या, नवा देते परवा." परतताना मी रडत होते. "रडतेस कशाला, पिशवी जड झाली का?" म्हणालात, आणि एक बंद तुम्ही धरलात.

तेव्हा ठरवलंय. उद्या त्याला म्हणणार, दुकानातलंच पुडकं फोड आणि डब्यात भर. ते जाऊ दे तपासणीला. नापास झालं तर दुकानवाल्यांकडे भाव मागायला मी येते, आणि नाहीच जमलं तर आनेकलच्या बायकांसमोरही मीच उभी राहते. चिडेल. चिडू दे, नाकाचा शेंडा लाल झाला की अजून पाच वर्षांचा दिसतो.

नात विचारते, हे मामाला वाचून दाखवू का? नको. त्यालाही नको आणि कुणालाच नको, घडी घालून ठेव. कारण रंगाचं मला गेल्या आठवड्यात कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आयुधपूजेला फॅक्टरीत गेले होते, तेव्हाच त्या बायकांचे गुलाबी झालेले तळहात पाहिले होते. ब्याडगीने हात तसे होत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी गप्प बसले. एरवी त्याला यायला सवड नसते. सॅम्पल न्यायला आला की मात्र दळलेला मसाला निवेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहतो, फोन पालथा ठेवतो, खोबऱ्याचा तुकडा चघळत काहीबाही बोलतो. मसाला लवकर निवू नये म्हणून मी पंखा लावत नसे.