सदूमामाले गोऱ्हा द्यावा का, माय?

माझी माय,

तुला जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत तुला कागद लिहावा असं मनात आलं नाही. तुला वाचता तरी कुठं येत होतं! पण काल सदूमामा दारात आला. तुझा पाठचा भाऊ, आता पार वाकलेला. आपली गाय व्याली ना, त्याला कळलं होतं. म्हणाला, "शेवंते, तो गोऱ्हा मले देतं का वं? मी पोसतो."

मी म्हटलं, उद्या सांगते. तो गेला आणि मी गोठ्याच्या भिंतीशी उन्हात बसले. डोळा लागला आणि तू दिसलीस. जवस फुललं होतं आणि तू त्यातून चालली होतीस. पाय दिसत नव्हते, निळ्या पाण्यातून कुणी जावं तसं. मी हाक मारली. तू मागं पाहिलंस, हसलीस, पण बोलली नाहीस! माय, अशा वेळी गप्प राहावं का गं?

आठवतं, आपला चांद्या? जन्मला आणि चार दिवसांत त्याची आई, आपली गाय, गेली. तू पदराची चिंधी दुधात भिजवून त्याच्या तोंडात धरायचीस. मी एवढीशी होते. "हा कोन माय?" विचारलं, तर म्हणालीस, "तुह्या पाठचा भाऊ." मला ते खरंच वाटलं. पुढं तो मोठा, पांढरा, कपाळावर चंद्र असलेला बैल झाला, तरी मी त्याला भाऊच म्हणायची.

मामाला शंकरपटाचं वेड. बैल पळवायचे आणि फेटा उडवायचा, बस. त्यानं चांद्याला पटासाठी मागितलं आणि तू दिलंस. बाबा नको म्हणत होते. तू म्हणालीस, "भाऊ हाय. नाही कसं म्हनू?"

मेडशीबाहेरच्या पडीत रानात पट भरला. आपण भाकरीची टोपली घेऊन गेलो होतो. धुरळ्यात सगळं पुसट, घुंगरांचा आवाज तेवढा जवळ आलेला. चांद्या मागं पडला. माणसं हसली. मामानं हातातली पराणी, ती खिळा लावलेली काठी, सरळ त्याच्या डोळ्यात घातली. दुसऱ्या डोळ्यावर काठीच काठी. चांद्या ओरडलाही नाही. उभा थरथरत राहिला.

पटाला मंगरूळपीरचे एक जैन शेठजी आले होते. त्यांनी पोलिसांत सांगितलं. गावातला एकही गडी साक्षीला उभा राहीना. बाबा तुला म्हणाले, "घरचं हाय, घरात राहू दे. काई पाह्यलं नाही म्हन."

आणि तू डोक्यावरून पदर घेऊन साहेबापुढं उभी राहिलीस. "पाह्यलं मी. माह्या भावानंच केलं." एवढंच बोललीस. मामाला अकोल्याच्या तुरुंगात सक्तमजुरी झाली. त्याला नेलं तेव्हा तू पाणीसुद्धा प्यायली नाहीस. कुणासाठी नाही प्यायलीस गं? बैलासाठी की भावासाठी?

सुटल्यावर तो जऊळक्याला आगगाडीतून उतरला आणि चालत थेट आपल्या गोठ्यात आला, स्वतःच्या घरी न जाता. दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला चांद्या रवंथ करत बसला होता. मामानं हळूच हाक दिली. चांद्याचे कान हलले. उठला, पुढं आला आणि त्याचा हात चाटू लागला! मामा लहान पोरासारखा रडला.

मी धावत तुझ्याकडं आले. "माय, चांद्यानं मामाले माफ केलं!"

तू ज्वारी पाखडत होतीस. सूप थांबलं. "तो इसरला, बाई. माफ कराले याद लागते. आन् याद मले हाय."

पुढं किती वर्षं गेली! दर भाऊबिजेला तू त्याला ओवाळायचीस, पुरणपोळी वाढायचीस. पण तोंडाकडं पाहायची नाहीस, एक शब्द बोलायची नाहीस. गावानं तर त्याला कुणाच्या बैलाला हात लावू दिला नाही. तोही कधी बैलगाडीत बसला नाही. ओझं डोक्यावर घेऊन चालायचा. मला तुझा राग यायचा, माय. सरकारनं दिली ती शिक्षा तो भोगून आला, मग तुझी कोणती शिल्लक होती? ती कधी संपणार होती?

चांद्या म्हातारा होऊन गेला, त्या दिवशी खड्डा खणायला मामा न बोलावता आला. तेव्हा तू पहिल्यांदा त्याच्याशी बोललीस. "सदू, इकडून धर." तेवढंच. ती माफी होती का गं? मी विचारायला हवं होतं. राहूनच गेलं.

आज सकाळी तो उत्तर ऐकायला आला. धुकं होतं. अंगणात तो आहे की नाही, तेही नीट दिसेना. मी विचारलं, "मामा, या वयात कायले पाह्यजे तुले गोऱ्हा?"

"मरायच्या आंधी एक जनावर माह्या हातून मोठं झालं पाह्यजे."

"राग येते का अजून?"

"येते. खोटं कायले बोलू? राग आला का मी हात काखेत दाबून बसतो."

'आता नाही येत' असं म्हणाला असता, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

मी म्हटलं, "मामा, माह्याकडून तुले माफी हाय. पन गोऱ्हा इथंच राहीन, माह्या डोयापुढं. तू येत जा. चारा टाक, पानी पाज, अंग घास. दावं सोडून न्यायचं नाही."

"म्हंजे तुले भरोसा नाही."

"नाही. माफी देली. भरोसा अजून नाही."

मला वाटलं, उठून जाईल. तो हसला, माय! मान हलवत म्हणाला, "बरं केलं. कोनी तोंडावर तरी बोललं." मग धोतर सावरून गोठ्यात शिरला.

तू असतीस तर काय केलं असतंस, मला ठाऊक नाही. एवढंच समजलं, की शिक्षा संपली म्हणून माफी आपोआप मिळत नाही. आणि माफी मिळाली म्हणून मुकं जनावर कुणाच्या हवाली करता येत नाही. तरी माणसाला जन्मभर दाराबाहेर उभं ठेवणंही मला जमलं नाही. चुकलं असेल, तर पुन्हा स्वप्नात ये आणि रागाव. या खेपेला बोल मात्र!

आत्ता दोघं गोठ्यात आहेत. धुकं विरलं आहे, कवाडातून पिवळं ऊन आत गेलं आहे. मामा गोऱ्ह्याशी काहीतरी पुटपुटतो आहे. शब्द कळत नाहीत, पण आवाज मऊ आहे. मी लिहिता लिहिता कान देऊन आहे. हा कान मी कधी काढून घेणार नाही, माय, आवाज कितीही मऊ असला तरी. हे माझं तुला वचन.

तुझीच लेक,
शेवंता