न वाकता बदलायची गाळणी

तीर्थरूप मामा यांस, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात गुडघे टेकावे लागतात. तुमच्या माशांच्या टाकीपायी मी ते इतक्यांदा टेकलेत की नमस्कार वेगळा घालायची गरज नव्हती, पण रीत म्हणून घातला.) टाके कसे आहेत? शिंपी म्हणून विचारतोय. तुम्ही जिच्याकडे राहताय ती ताई पत्रात म्हणते की बारीक घातलेत, फक्त दोरा काळा वापरलाय. एवढं मोठं हॉस्पिटल आणि अंगाच्या रंगाचा दोरा ठेवत नाही म्हणजे काय! ती असंही म्हणते की तुम्ही व्यायाम करत नाही, दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघता आणि भूक नाही म्हणून ताट परत पाठवता. हे वाचून तुमच्या भाचेसुनेने दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं, जणू ताट मीच परत पाठवलं होतं.

तुमचा निरोप पोचला. टाकीखालच्या कपाटात वाकून गाळणी बदलणं आता या जन्मात जमायचं नाही, तेव्हा टाकी विकून टाक, असा. मामा, मामी गेल्यावर तुम्ही ती टाकी वरच्या खोलीत आणलीत तेव्हा आम्ही पाठीमागे हसलो होतो. जहाजाच्या इंजिनखोलीत उभा जन्म काढलेला माणूस आता घरात चार बादल्या समुद्र करून बसलाय, असं आमचं चाललं होतं. पण त्याच महिन्यात तुम्ही पुन्हा वेळेवर जेवायला खाली येऊ लागलात, हेही आम्ही पाहिलं होतं. म्हणून निरोप ऐकून मला टाकीची नाही, तुमची धास्ती वाटली. स्पष्टच लिहितो, नाहीतर पत्रभर तेच मनात राहील.

तरीही वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये म्हणून मी गिऱ्हाईक शोधलं. समोरचे दातांचे डॉक्टर. त्यांना टाकी बाहेरच्या बाकड्यांसमोर ठेवायची आहे, म्हणजे आतल्या किंकाळ्यांकडे पेशंटचं लक्ष जाणार नाही. त्यांची अट एकच, पाणी आरशासारखं हवं. आणि पाणी तर तुम्ही गेल्यापासून पेजेसारखं दिसत होतं. उरलेलं खाणं, माशांची घाण, दगडावरचा गाळ, सगळं तरंगत होतं. हा कचरा कुजायच्या आत पकडायचा असतो, एकदा कुजला की मासे पोटावर येतात, एवढं तुम्ही मला जाताना सांगितलं होतं. कशात पकडायचा ते सांगायच्या आत रिक्षा सुटली.

मग मी माशांच्या दुकानात गेलो. त्या दुकानदाराला आम्ही घरात ‘हल्ली’ म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. हल्ली कोणी स्पंज वापरत नाही, हल्ली सगळे मोजा लावतात. मोजा म्हणजे कापडाची लांब पिशवी. वरच्या टाकीतलं पाणी पाइपने कपाटातल्या खालच्या टाकीत पडतं, तिथे तोंडाशी ही पिशवी अडकवायची. त्याने ती काउंटरवर ठेवली आणि मी शिवण बघितली. मामा, काय सांगू! कडेला दुमड नाही, टीप वाकडी, खाली बुडाशी चक्क चुणी. अशी पिशवी विकत घेतली असती तर माझ्या दुकानावरची पाटी उतरवावी लागली असती. मी म्हटलं, ही मीच शिवतो. (हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.)

काम पाण्यातलं, तेव्हा कापडही पाण्याचंच हवं, असा मी विचार केला. रेनकोटचं उरलेलं उत्तम कापड होतं. दुहेरी टीप मारली, आत पट्टी लावली, आणि तोंडाला सरकती नाडी घालून पिशवी पाइपला अशी घट्ट आवळली की गाठ बघून माझं मलाच कौतुक वाटलं. गाळणीतून पाणी जावं लागतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना ‘थेंब आत येणार नाही’ असं छातीठोक सांगितलेला माणूस मी, तो थेंब बाहेर कसा जाऊ देईन? पिशवी फुगली, पाइप तुंबला, खालचा पंप मात्र इमानेइतबारे पाणी वर चढवत राहिला, आणि वरची टाकी काठोकाठ भरून खोलीभर वाहिली. मी खाली दुकानात काज करत होतो. छतातून धार लागली ती नेमकी डॉक्टरांच्या नव्या पॅन्टवर. वाळल्यावर तिच्यावर मिठाच्या अशा रेघा उमटल्या की डॉक्टरांना वाटलं, मी खडूच्या खुणा पुसायच्या विसरलो. मी तसंच वाटू दिलं.

नंतर निमूटपणे दुकानातला मोजा आणला. तो छान चालला, फक्त दर दोन-तीन दिवसांनी काढून धुवावा लागतो. धुवायला आमच्या घरी काही कमी नाही. तुमच्या भाचेसुनेने तो कपड्यांबरोबर साबणात भिजवला आणि शेवटच्या पाण्यात ते गुलाबाच्या वासाचं औषधही घातलं. सुदैवाने मी तो लावण्याआधी बादलीत बुडवून पाहिला (रेनकोटने तेवढी अक्कल दिली होती) आणि बादलीवर हा फेस! टाकीत गेला असता तर मासे सुवासिक होऊन वारले असते. शिवाय मोजा बदलायचा म्हणजे पुन्हा कपाटात डोकं घालून गुडघ्यावर बसायचं. डॉक्टरांच्या कंपाउंडरला ते जमेल. तुम्हाला जमणार नाही, हे माझ्या उगाच मनात येत राहिलं. उगाच, कारण टाकी तर विकायची होती.

त्यानंतर हल्लीने मला काय काय दाखवलं म्हणून सांगू. एक बंद डबा दाखवला, तो उघडायचा म्हणजे भरलेली घागर उचलण्यासारखं. स्पंज दाखवला, पण तो पिळायला खालीच बसावं लागतं. मग त्याने ‘हल्ली सगळे हेच घेतात’ म्हणून एक यंत्र चार दिवसांसाठी वापरायला दिलं. त्यात पांढऱ्या कापडाची गुंडाळी असते. कापड मळलं की यंत्र आपणहून ते पुढे सरकवतं आणि मळकं दुसऱ्या दांडीवर गुंडाळतं. मला ते पाहताक्षणी आवडलं, आमच्या ताग्यांच्याच जातीतलं होतं. पण मी ते जरा तिरकं बसवलं असणार. त्याला सारखं वाटत राहिलं की कापड मळलंय, आणि त्याने एका दुपारी सगळी गुंडाळी कोरीच्या कोरी संपवली. हल्लीने ते परत घेताना यंत्राकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

इथे तुमच्या भाचेसुनेने तोंड उघडलं. ती म्हणाली, “अहो, मामा वाकू शकत नाहीत तर गाळणी वर आणा ना! कपाटाला काय चिकटून बसलायत?” मी म्हणालो, “टाकी डॉक्टरांना जायचीय, त्यात मामांचा काय संबंध?” त्यावर ती नुसतीच हसली. मग तीच माळ्यावर चढली आणि तुमच्या पहिल्या छोट्या टाकीच्या गाळणीचा डबा शोधून आणला, तो टाकीच्या पाठीमागे काठावर लटकवायचा. छोटा पंप पाणी वर ओढतो, डब्यातून गाळतो आणि परत आत सोडतो. डबा बरोबर छातीच्या उंचीवर येतो. त्यात भरायला पांढरा कापूस लागतो, कापसाचा नव्हे, पॉलिस्टरचा. तो आणायला मी चप्पल घालून निघालो, तर हिने दुकानातल्या टेबलाखालचं पोतं दाखवलं. कोटाच्या खांद्यात आम्ही वर्षानुवर्षं तोच भरत आलोय! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. बिनरंगाचा, बिनवासाचा निवडला, नुसत्या पाण्यात खळबळून घेतला आणि त्याची खांद्याची पॅडं शिवली. डब्यात एक पॅड अस्सं बसतं की जणू समुद्रानेच माप देऊन कोट शिवायला टाकला होता.

मामा, पाणी निवळलं. टाकीच्या पलीकडे पेपर धरला तर बारीक जाहिरातीही वाचता येतात. मळकं पॅड उभ्याने काढायचं, नवं उभ्याने ठेवायचं. गुडघ्याने नुसतं उभं राहायचं, आणि तेवढं तर त्याला आलंच पाहिजे. डॉक्टर येऊन बघून गेले, फार खूश झाले. एकंदरीत तुमच्या आज्ञेप्रमाणे सगळं पार पडतंय, काळजी नसावी. ताईला आशीर्वाद सांगा (तिने मला द्यावेत, ती मोठी आहे, हे मला ठाऊक आहे).

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. वर आज्ञाधारक असं सवयीने लिहिलं गेलं. टाकी विकलेली नाही. डॉक्टरांना मी तसं तोंडावर सांगितलं. माझी एक दाढ त्यांच्याकडून काढून घ्यायची राहिली होती, ती आता मी राहूच देणार आहे.

आणखी एक. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतलाय. पॅडं पुष्कळ शिवून ठेवलीत. तुमची भाचेसून लिहायला सांगते की ही टाकीची व्यवस्था नसून तुमची आहे, हे मामांना आडवळणाने कळवा. मला आडवळण जमलं नाही.

शेवटचं, आणि पत्र मुळात यासाठीच. नारिंगी माशांच्या जोडीने दगडाच्या आडोशाला अंडी घातली आहेत. नर दिवसभर त्यांच्यावर परांनी वारा घालतो, मादी माझ्या बोटाला चावते. हल्लीही पहिल्यांदा ‘हल्ली’ न म्हणता नुसता “अरे वा” म्हणाला. पण तो सांगतो की पिल्लं डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी बारीक असतात, माझी नवी गाळणी त्यांना एका घोटात ओढून घेईल. गाळणी चालू ठेवावी तर पिल्लं जातात, बंद ठेवावी तर पाणी पुन्हा पेजेसारखं होतं. या प्रश्नाला काय टाका घालायचा ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असणार. उत्तर पत्राने पाठवलंत तर ते पोचायच्या आत पिल्लं बाहेर पडतील, म्हणून उत्तर घेऊन तुम्हीच या. (फोनवरही विचारता आलं असतं, हे मला कळतं. विचारणार नाही.)