कव्हरवरचं नाव

बाबा, परवा तुमच्या मुलाने पुन्हा ती गोष्ट सांगितली. झोटवाड्याच्या एका योगकेंद्रात आम्ही दोघं वाजवायला गेलो होतो. तो संतूर, मी बासरी. लोक सतरंज्यांवर डोळे मिटून पडले होते, दोघंतिघं चक्क घोरत होते. झोप लावणाऱ्या आमच्या संगीताला तीच दाद. शेवटी कुणीतरी विचारलं, नवरा-बायको एकत्र वाजवता, भांडणं होत नाहीत? तर हा हसत हसत म्हणाला, पहिल्या अल्बमवर मी हिचं नावच टाकलं नव्हतं, वडिलांनी असा झापला की आजतागायत विसरलो नाही. सगळे हसले. मी मान खाली घालून बासरी पुसत राहिले.

सोडाल्याच्या घरात मागच्या खोलीत आमचं रेकॉर्डिंग चालायचं. मे महिना, आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. तुम्ही फ्रिजसुद्धा बंद करायचात आणि बनियनवरच फाटकाशी जाऊन उभे राहायचात. भाजीची गाडी दिसली की हात जोडून, "भैया, पाँच मिनट चुप रहो, बहू बजा रही है." मुलगाही वाजवतोय, हे तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मी आतून ऐकायचे. एकदा फ्रिज चालू करायचा राहिला आणि दूध नासलं, तर कुणाला न सांगता तुम्ही त्याचं पनीर करून ठेवलंत.

मग तो रविवार. मी थालीपीठं लावतेय आणि तुमचा मुलगा कव्हरचा कागद घेऊन स्वयंपाकघरात येतो. बगरू गावच्या ठसेछपाईच्या कापडाचा फोटो, खाली त्याचं एकट्याचं नाव. तुम्ही चष्मा लावता.

"आणि हिचं?"

"बाबा, मतलब... ती आहेच ना त्यात."

"आहेच म्हणजे कुठे? विम्याच्या ऑफिसात जन्म गेला माझा. नवरा गेलेल्या बायका यायच्या, कागदावर नाव नाही म्हणून हात हलवत परत जायच्या. अर्धं वाजवायचं हिनं आणि नाव तुझं? माझ्या घरात हे चालायचं नाही!"

इतका चढलेला तुमचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी थालीपीठ उलटलं. संध्याकाळपर्यंत त्याने माझं नाव घातलं होतं, स्वतःच्या आधी.

बाबा, ते नाव मीच काढायला लावलं होतं. नाशिकला ज्यांच्याकडे शिकले ते गुरुजी फोनवर म्हणाले होते, "झोपेच्या गोळ्या विकायला नव्हती शिकवली तुला बासरी." त्यांच्या नजरेस माझं नाव पडू नये, एवढंच मला हवं होतं. तुमचा मुलगा नको नको म्हणत होता. मीच रडून हट्ट धरला. गुरुजींनी ते कव्हर पाहिलं की नाही, मला कधीच कळलं नाही. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी याला विचारलं, तू गप्प का बसलास? तर म्हणाला, "बाबा तुझ्यासाठी भांडत होते ना. ऐकायला बरं वाटत होतं."

त्यानंतर चार वर्षं तुम्ही होतात. दुपारचा चहा आपण दोघंच प्यायचो. कितीदा तरी सांगता आलं असतं.

हे लिहून त्याला वाचायला द्यायचं ठरवलं होतं. नाही देणार. वाचलं तर ती गोष्ट मला सलते हे कळून तो सांगायची बंद करेल, आणि तुम्ही माझ्या बाजूने बोलताय, हे मला अजून ऐकायचं असतं.