सर्व्हे नंबराची अट

सणसर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

१. जमिनीतले पाणी मोजायला उसात पुरलेल्या माझ्या तिन्ही नळ्या शेतमालक तात्यांनी खोऱ्याने ठेचल्या.
२. अडवायला गेलेल्या शिवरामचा, माझ्या मदतनिसाचा, हात त्याच खोऱ्याने मोडला.
३. मी जागची हलले नाही.

त्याआधी तात्यांनी विचारले होते, "खालचं पाणी वर येऊन जमीन खारी, चोपण ठरली की उसाचं पाणी तोडत्यात. तुमचा आकडा पाटाच्या हापिसात जाणार हाय का न्हाय?" मी वहीत आकडा लिहीत राहिले. "तोंडात उसाचं कांडं हाय का, बाई?" मग ते नळ्यांकडे वळले.

आकडा जाणारच होता. दिल्लीच्या संशोधन निधीची अटच आहे: शेताच्या सर्व्हे नंबरासह मोजणीची प्रत कालवा कचेरीला. कॉलेजकडे नळ्यांपुरतेही पैसे नाहीत, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या अटीवर सही केली. मीही केली. खोटे बोलले असते तर हात वाचला असता?

हाड मोडल्याचा तो आवाज. काडी मोडावी तसा.

शिवराम म्हणतो, "फिर्याद नको, बाई. त्यो माझा मामा हाय."

सरांना एवढेच लिहायचे: निधीवाल्यांनी सर्व्हे नंबराची अट काढली, तरच मी नव्या नळ्या पुरीन. नाहीतर माझ्या जागी दुसरे कोणी नेमावे. शनिवारपर्यंत उत्तर द्यावे.