दादाच्या गाडीचा गिअर

दादा,

मी अन् आई मावशीकडं बाळापूरले जाऊन राहिलो. संध्याकाळच्या एसटीनं येऊ. भाजी-भाकर झाकून ठेवली हाये.

तुह्या गाडीले मी हात लावला. चिल्लावू नोको, आधी आयक. डॉक्टर म्हणे, ॲक्सिडेंटपासून तुह्या डाव्या पायाचा पंजा वर उचलत नाही, पण दाबता येते. मंग गिअरले उचलायचंच काहून पाह्यजे, हे माह्या डोक्यातून जाईच ना. भंगारातून दोन टोकांचा गिअर लिव्हर आणून बसवला. पुढून पंजानं दाबायचं, मांगून टाचेनं. उचलायचं कामच नाही.

मी हातानं दाबून पाह्यलं, गिअर पडते. तुह्या टाचेनं पडते का, तेवढंच मले समजत नाही. गाडी डबल स्टँडवर हाये. आज घरी पाहनारं कोनी नाही.

साधना

संध्याकाळी दोघी परतल्या तेव्हा अंगणात गाडी नव्हती. आईनं दाराची चौकट घट्ट धरली. साधनानं दारावरची चिठ्ठी ओढून काढली. खाली नितेशदादाचं अक्षर होतं :

"पडते. लिव्हर तू उंच बसवला होता, मी बोटभर खाली घेतला. आईले सांगजो, हेल्मेट घातलं हाये."