इथला आकडा कमी झाला तर

आई,

पाया पडते. सातवा महिना लागला, तब्येत बरी हाय. पाय जरा सुजत्यात, पण काळजी करू नकोस.

इथं नंदुरबारच्या दवाखान्यात बाळंतपणांचे आकडे मीच मांडते. बायका पहिल्या खेपेला माहेरी जातात, बाळ तिकडं मोजलं जातं आणि आमचा आकडा कमी दिसतो. परवा बैठकीत मी तावातावानं म्हणाले, "माहेरी कशाला जायचं? इथं सगळी सोय हाय की." सगळे माझ्या पोटाकडं बघत राहिले.

ताईच्या बाळंतपणात तू शेगडीत ओवा टाकायचीस. घरभर वास सुटायचा. तो वास हल्ली सारखा आठवतो. ती शेगडी माळ्यावर हाय न्हवं?

खाली काढून ठेव. आण्णांना म्हणावं, कोडोलीहून इथं मला न्यायला या. इथला आकडा कमी झाला तर होऊ दे.

तुझी,
अनुजा